पाहुण्यांचं दार

बोळाच्या वळणावर खुर्ची पुन्हा अडकली.

रस्मियानं चाकं मागं घेतली, तिरकी केली, पुन्हा पुढं रेटली. भिंतीनं तिच्या उजव्या हाताची बोटं पुन्हा सोलली. या वळणातून खुर्ची जात नाही, हे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तरी दिवसातून एकदा ती रेटून बघायचीच. आशेनं नव्हे, रागानं. भिंतीशी भांडायचा दुसरा मार्ग तिला सापडला नव्हता.

"भिंतीनं तुझं काय घोडं मारलंय?" स्वयंपाकघराच्या दारातून सासू म्हणाली. हज्जा फिद्दा अंगानं वाळक्या शेंगेएवढी, पण आवाज असा की टेकडीवरच्या शेळ्यांनी मान वर करावी. "पाडशील एखाद दिवशी."

"पाडणारच आहे, आत्याबाई. तुम्ही फक्त हातोडा द्या."

"हातोडा कशाला? तुझी जीभ पुरे."

वळणाच्या पलीकडे झोपायच्या खोल्या होत्या आणि घरच्यांचं बाथरूम. अलीकडे मधली खोली, स्वयंपाकघर आणि एक कुलूप लावलेलं दार. दिवसभर रस्मिया या मधल्या खोलीत असायची. विहिरीतल्या कासवासारखी. एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत जायचं आणि मान वळवून परत यायचं.

खुर्ची आली तेव्हा काय कौतुक झालं होतं! थोरल्या मुलानं, नायफनं, ती कुवेतहून धाडली होती. नवी मोटार बघायला यावं तसे करक गावाच्या खालच्या आळीतले लोक ती बघायला आले. पोरं तिच्यात बसून अंगणात चकरा मारून गेली. दृष्ट लागू नये म्हणून रस्मियाच्या नवऱ्यानं, मुफ्लेहनं, तिच्या दांडीला निळा मणी बांधला. खुर्चीची सगळी बडदास्त झाली. तिला फिरायला घर मात्र कुणी दिलं नाही.

डॉक्टरांनी आजाराचं नाव लांबलचक सांगितलं होतं, आणि सोयीसाठी दोन अक्षरं, एम. एस. डोक्यातून पायांकडे निघालेला निरोप वाटेत हरवतो, असं त्यांनी समजावलं. रस्मियाला ते पटलं. निरोप कधी पोचायचा, कधी नाही. एखाद्या थंड सकाळी ती ओट्याला धरून उभी राहायची आणि भाकरीचं पीठ मळायची. दुसऱ्या दिवशी ऊन चढलं की तेच पाय ओल्या लोकरीच्या गठ्ठ्यासारखे पडून राहायचे. मग सासू म्हणायची, "परवा तर उभी होतीस की!" परवा उभी होते म्हणून आज उभी राहायलाच हवं, हा हिशेब रस्मियाच्या पायांना कुणी शिकवला नव्हता.

आणि वळणाच्या पलीकडचं ते बाथरूम. खुर्ची वळणातून गेली असती तरी दारातून गेली नसती. दार चार बोटं अरुंद. तेव्हा तिला उचलून न्यायचा मुफ्लेह. फौजेतून निवृत्त झालेला, रुंद पाठीचा गडी. खाली वाकायचा, एक हात गुडघ्यांखाली, एक पाठीमागं, आणि कोकरू उचलावं तशी तिला उचलायचा. आत बसवायचा. मग बाहेर उभा राहून घसा खाकरायचा.

"झालं का?"

"नाही."

जरा वेळानं, "झालं का गं?"

"तू असा पहाऱ्यावर उभा राहिलास तर कसं होईल? जा, लांब जा!"

"लांब गेलो आणि पडलीस तर?"

सगळ्या आळीत त्याचं नाव निघायचं. थोरल्या मुलाच्या नावावरून आळी त्याला अबू नायफ म्हणायची, तिला उम्म नायफ. विहिणी-जावा पदराआडून उसासे टाकायच्या, "मुफ्लेहसारखा नवरा मिळायला भाग्य लागतं, उम्म नायफ. तळहातावर ठेवतो तुला." रस्मिया म्हणायची, "तळहातावर नको, बाई. मला जमिनीवर ठेवा." बायका हसायच्या. त्यांना वाटायचं, ही विनोद करते आहे. लग्नाघरी बायकांच्या घोळक्यात उभी राहून उभ्या-उभ्या कडवी रचणारी रस्मिया. तिच्या तोंडून निघेल ते गाणंच, असं सगळ्यांनी धरलेलं.

तिनं मागितलं नव्हतं असं नाही. हिवाळ्यातच मागितलं होतं.

त्या कुलूपबंद दारामागं दिवाणखाना होता. घरातली सगळ्यात मोठी खोली, तांबड्या गालिच्याची, पांढऱ्या चादरी पांघरलेल्या सोफ्यांची. पाहुणे आले की चादरी निघायच्या, पाहुणे गेले की परत पडायच्या. त्याला रस्त्याकडून स्वतःचं दार, म्हणजे आल्यागेल्याला घरातल्या बायकामुली दिसायला नकोत. त्याला लागून पाहुण्यांचं बाथरूम, तेही ऐसपैस, कारण पाहुणा अंगानं कसा असेल सांगता येत नाही. आणि रस्त्याकडच्या दाराला पायरी नव्हती. आळीतल्या हाज सल्लाम म्हाताऱ्याच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा मुफ्लेहनं पायरी फोडून तिथं सिमेंटचा उतार केला होता. स्वतःच्या हातांनी. दोन दिवसांत.

"मला ती खोली दे," रस्मिया हिवाळ्यात म्हणाली होती. "दार रुंद आहे, बाथरूम लागून आहे. मी माझी जाईन, माझी येईन."

मुफ्लेह हसला होता, लहान मुलानं चंद्र मागितल्यावर हसावं तसा. "आणि पाहुणे कुठं बसवू? छपरावर?"

"इथं. मधल्या खोलीत."

"बायकांच्या खोलीत? चुलीच्या वासात? रस्मिया, माझ्या बापानं कुणाला दारावरून परत पाठवलं नाही. आळीत काय म्हणतात ठाऊक आहे ना, मुफ्लेहचं दार कधी बंद नसतं."

"बाहेरचं बंद नसतं. आतलं बंद आहे."

"माझे हात मोडलेत का?" तो दुखावून म्हणाला होता. "माझे हात शाबूत असताना तुला दार कशाला हवं?"

आणि विषय संपला. किल्ली हज्जा फिद्दाच्या गळ्यात काळ्या दोऱ्याला होती, ती तिथंच राहिली. रस्मियाच्या मनात तेव्हापासून दोन ओळी घोळू लागल्या. तिनं त्या कुणाला म्हणून दाखवल्या नाहीत. खुर्ची भिंतीवर रेटताना दातांत धरून ती म्हणायची:

*पाहुण्याच्या पायी गं, गालिचा तांबडा,*
*घरच्या धनिणीला गं, बोळ हा वाकडा.*

त्या शुक्रवारी दुपारची नमाज आटोपून हाज सल्लाम आला. बरोबर दोन पुतणे. चादरी निघाल्या, वेलदोड्याचा वास दाराखालच्या फटीतून मधल्या खोलीत आला. ऊन असं होतं की अंगणातलं अंजिराचं झाड पानं खाली सोडून उभं होतं. रस्मियाचे पाय सकाळपासून तिचे नव्हते. सबा, तिची धाकटी, गच्चीवर कपडे वाळत घालायला गेलेली. सासू आतल्या खोलीत नमाजाच्या चटईवर.

कुलपाच्या दारापलीकडून सगळं ऐकू येत होतं. कुशल विचारून झालं, पावसाची, मेंढ्यांची चौकशी झाली. मग एकदम शांतता. रस्मियाला न बघताच कळलं की म्हाताऱ्यानं कॉफीचा पेला न पिता खाली ठेवला. मागणं घेऊन आलेला पाहुणा तसंच करतो. यजमानानं "प्या" म्हटलं की मागणं मान्य झालं. न म्हणता कॉफी तशीच निवली, तर त्या घराचं नाक कापलं गेलं.

"प्या, हाज, प्या," मुफ्लेहचा आवाज आला. भरघोस, उमदा. "तुमचं काम झालं समजा."

"अरे, ऐकून तर घे काय आहे ते!"

"ऐकायचं काय? माझ्या दारात येऊन पेला खाली ठेवलात, तेवढं पुरे."

पुतण्यांनी वाहवा केली. मागणं एवढंच होतं की म्हाताऱ्याच्या नातवासाठी मुलगी मागायला जी मंडळी जायची, तिच्या पुढं मुफ्लेहनं चालावं. रस्मियानं डोळे मिटले. न विचारता हो. ऐकायच्याही आधी हो.

आणि तेवढ्यात कळ आली.

या आजाराची एक दुष्टाई अशी की ती कळ वेळ देत नाही. सांगून येत नाही आणि थांब म्हटलं तर थांबत नाही. "सबा!" तिनं हाक मारली. गच्चीवर वारा होता, चादरी फडफडत होत्या. पुरुष पाहुणे पलीकडे असताना याहून मोठ्यानं ओरडायची रीत नव्हती. तिनं खुर्ची कुलपाच्या दाराशी नेली, बोटांच्या पेरांनी दार वाजवलं. पलीकडून कडी सरकली, कुलूप फिरलं. आज किल्ली मुफ्लेहपाशी होती. एका डोळ्याएवढी फट पडली.

"काय गं?" तो कुजबुजला.

"मला जायचंय."

"दोन मिनिटं. हाज बोलतोय."

"अबू नायफ, मला आत्ता..."

"दोन मिनिटं म्हटलं ना!" आणि फट बंद झाली.

पलीकडे कुणीतरी काहीतरी बोललं, सगळे हसले. एक पुतण्या उठला, पाहुण्यांच्या बाथरूमचं दार वाजलं. भिंतीच्या पलीकडे, रस्मियाच्या कोपराशी, नळ सुटला. धो धो पाणी. तो हात धूत होता. सावकाश, गुणगुणत, जगात घाई म्हणून काही नसल्यासारखा.

रस्मियानं खुर्चीचे हात घट्ट धरले. दात आवळले. काही उपयोग झाला नाही. आधी ऊब पसरली, मग ओल, मग गार. फरशीवर एक थेंब पडला, त्यामागून दुसरा. पलीकडे नळ बंद झाला.

ती रडली नाही. रडू येतं तिथं तेव्हा दुसरंच काही उकळत होतं.

सबा टोपली घेऊन खाली आली, आईकडे बघितलं, टोपली तिथंच टाकली. "आई... बाबांना बोलावलं नाहीस?"

"बोलावलं. ते दानधर्मात गुंतलेत." रस्मियाचा आवाज इतका शांत होता की पोरगी दचकली. "पाणी आण. टॉवेल आण. आणि माझा काळा मदरगा काढ. भरतकामाचा पायघोळ झगा. नायफच्या लग्नातला."

"तो कशाला आता?"

"पाहुणी म्हणून जायचंय."

सबानं तिला पुसलं, बदललं, खुर्चीची गादी काढून दुसरी उशी घातली. काळ्या मदरग्याची लांब बाही रस्मियानं स्वतः खांद्यावरून मागं टाकली, डोक्याचा रुमाल घट्ट बांधला. मग म्हणाली, "अंगणातल्या दारानं बाहेर काढ मला."

"आई, नको. बाबांना तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

"मला बसायला जागा राहिली नाही, तेव्हा कुणी बोललं का? धर मागून."

घरच्यांच्या दाराची पायरी फुटकी होती. सबानं खुर्ची मागं कलती केली, चाकं धाडकन खाली आली, रस्मियाच्या कण्यातून विजेचा झटका गेला. नमाज आटोपून आलेली हज्जा फिद्दा दारात उभी.

"कुठं निघालीस भर उन्हात? नटूनथटून?"

"पाहुणचाराला, आत्याबाई."

"कुणाकडं?"

"मुफ्लेह म्हणून एक आहे. म्हणतात, त्याचं दार कधी बंद नसतं."

अंगणातल्या मातीतून, कोंबड्यांना बाजूला सारत, फाटकातून रस्त्यावर, रस्त्यावरून त्या उताराशी. तिथं रस्मियानं मुलीचा हात झटकला. "इथून मी जाईन." चढावर दंड थरथरले, घाम डोळ्यांत उतरला. मुफ्लेहनं उतार मात्र झकास केला होता, हे तिला तेव्हा कळलं. सिमेंटला रेघा ओढलेल्या, गुडघे दुखणाऱ्या म्हाताऱ्याचा पाय घसरू नये म्हणून. इतकं जिवापाड काम! तिला ते बघून आणखीच संताप आला.

दार उघडंच होतं. ती उंबऱ्यावर थांबली.

"अस्सलामु अलैकुम. पाहुणी आली आहे. जागा आहे का?"

तिघांनी सवयीनं सलामाला उत्तर दिलं आणि मग त्यांची तोंडं उघडी राहिली. मुफ्लेह कॉफीची लांब चोचीची किटली हातात धरून उभा होता. "रस्मिया!" त्याच्या तोंडून निघून गेलं. चारचौघांत तो तिचं नाव कधी घेत नसे. त्यानं लगेच सावरलं. "उम्म नायफ, काही हवं होतं का? आतून सांगायचंस."

"आतून कशी येऊ? आतलं दार बंद आहे. म्हणून पाहुण्यांच्या दारानं आले."

एक पुतण्या फिस्सकन हसला. हाज सल्लामनं त्याच्याकडे डोळे वटारले. म्हातारा मान राखणारा होता. उठायचा प्रयत्न केला, गुडघ्यांनी ऐकलं नाही, पुन्हा बसला. "ये, पोरी, ये. पाहुणा देवाघरचा. मुफ्लेह, बघतोस काय? कॉफी दे पाहुणीला."

ती आत आली. तांबड्या गालिच्यावर चाकांनी मातीच्या दोन रेघा ओढल्या. मुफ्लेहनं पेला भरला, रीतीप्रमाणं उजव्या हातानं पुढं केला. त्याची नजर म्हणत होती, पी आणि जा. रस्मियानं पेला घेतला. शेजारच्या तिवईवर तिनं तो जपून ठेवला. एक थेंब न सांडता, एक थेंब न पिता.

मुफ्लेहनं किटली खाली ठेवली.

"पी ना," मुफ्लेह म्हणाला.

"पिईन. मागणं आहे."

"घरी बोलू."

"मग हे कुणाचं घर आहे?" तिनं विचारलं. मग मान ताठ करून, परक्या यजमानाशी बोलावं तसं ती बोलली, "अबू नायफ, मघाशी या हाजना तुम्ही न विचारता 'प्या' म्हणालात. भिंतीपलीकडून ऐकलं मी. मलाच का घरी बोलवता?"

मुफ्लेहचा जबडा हलला. कानशिलं लाल झाली. "बोला," तो म्हणाला. त्याच्याही तोंडून परकेपणाचं 'बोला'च निघालं.

"मला ही खोली हवी. आणि ते बाथरूम. माझ्या नावानं, माझ्या वापराला. उद्या नाही. आज."

हाज सल्लामनं घसा साफ केला. "उम्म नायफ, पोरी, मुफ्लेहसारखा माणूस तुझी सेवा करतो. दुसरा असता तर केव्हाच दुसरी बायको आणली असती. घरातली गोष्ट घरात..."

"हाज," ती म्हणाली, "तुम्ही आत्ता ज्या उतारावरून वर आलात, तो कुणासाठी केला?"

म्हाताऱ्याचा हात नकळत गुडघ्यावर गेला.

"तुमच्या गुडघ्यांसाठी. दोन दिवसांत. तुम्ही महिन्यातून एकदा येता. मी या घरात रोज असते. दीड वर्ष झालं, माझ्या बाथरूमचं दार चार बोटं अरुंदच आहे. तुमचे गुडघे सोन्याचे आणि माझे पाय शेणाचे का?"

"रस्मिया, पुरे!" मुफ्लेह ओरडला.

"पुरे नाही! मला सांगू दे यांना, तुला सांगून तर उपयोग झाला नाही." आता ती 'तुम्ही' विसरली. "मघाशी मी दार वाजवलं. दोन मिनिटं म्हणालास. तुम्ही सगळे हसत होता, आणि हा तुमचा पुतण्या इथं नळ सोडून गाणं म्हणत हात धूत होता. तेव्हा मी त्या भिंतीपलीकडे खुर्चीत बसल्या जागी ओली झाले. माझ्या घरात. लेकीनं मला पुसलं. झालं? आता घरातली गोष्ट घरात राहिली का?"

पुतण्यानं आपले हात मांडीखाली लपवले. कुणी कुणाकडे बघेना. तिनं ते बोलून टाकलं होतं आणि आता ते खोलीच्या मधोमध पडलं होतं. त्याला चादर घालायला कुणी उठत नव्हतं. रस्मियाला वाटलं होतं, हे शब्द तोंडातून निघाले की आपण शरमेनं मरू. मेली नाही. उलट श्वास मोकळा झाला.

हाज सल्लामनं आपल्यापुढच्या रिकाम्या पेल्याकडे पाहिलं. "मी मूर्ख म्हातारा माझी पिऊन बसलो," तो हळूच म्हणाला. "नाहीतर मीही ठेवला असता पेला. मुफ्लेह, कॉफी निवते आहे."

मुफ्लेह उभाच होता. या माणसानं खुनाच्या भांडणात दोन घराण्यांना एका परातीवर जेवायला बसवलं होतं. आणि आज त्याला एक शब्द उचलत नव्हता. अखेर तो गालिच्यावरच्या मातीच्या रेघांकडे बघत म्हणाला, "प्या."

"काय दिलंत?"

"दिवाणखाना."

"आणि?"

"बाथरूम. दिलं. प्या आता."

"कुलपाची किल्ली?"

"ती आईची असते. माझ्याकडे फक्त आजच्यापुरती..."

"मग आईला सांगून या. उद्या पुन्हा गळ्यात जाणारी किल्ली मला नको."

आणि मुफ्लेह, ज्याच्या शब्दावर आळी चालायची, आतलं दार उघडून आईला विचारायला गेला. सगळ्यांना ऐकू आलं. "मी मेल्यावर!" हज्जा फिद्दा कडाडली. "माझ्या मढ्यावरून! तुझ्या बापाची बैठक आहे ती!" मग मुफ्लेहचा खालचा आवाज. तो परत आला तेव्हा तोंड धुतल्यासारखं ओलं होतं. त्यानं किल्ली तिवईवर, पेल्याशेजारी ठेवली.

रस्मियानं कॉफी उचलली. मुफ्लेहनं ती ओतून नवी गरम द्यायला हात पुढं केला, तर तिनं पेला बाजूला घेतला. कडू, गार झालेली कॉफी तिनं एका घोटात संपवली. आभार मानले नाहीत.

पाहुणे गेले. फाटक वाजल्याबरोबर मुफ्लेह वळला.

"चारचौघांत मला नागडं केलंस तू."

"मी रोज होते, अबू नायफ. तुझ्या हातांत. दिवसातून पाचदा, सहादा. तुला एकदाच व्हावं लागलं."

"मी प्रेमानं उचलत होतो तुला!"

"ठाऊक आहे. म्हणून तर दीड वर्ष तोंड शिवून बसले. तुझ्या जागी दुसरा कुणी असता तर पहिल्याच आठवड्यात त्याचं डोकं फोडलं असतं."

त्यानं वळून एका सोफ्याला लाथ घातली. मग त्याच सोफ्याच्या दोन्ही कडा धरून तो उचलला आणि एकट्यानं मधल्या खोलीत नेला, दाराच्या चौकटीला ठोकत, मुद्दाम ठोकत. परत आला, दुसरा उचलला. सबा मदतीला धावली, तिला त्यानं खांद्यानं बाजूला सारलं. धापा टाकत होता, मान लाल झाली होती. रस्मिया बघत राहिली. जा म्हणाली नाही, थांब म्हणाली नाही. एकदा तिच्याजवळून जाताना तो अडखळला, आणि तिचा हात नकळत पुढं झाला. तिनं तो मागं घेतला.

दारात हज्जा फिद्दा बसून रडगाणं लावून होती. "आता पाहुणा आला तर कुठं बसवायचा? लोक म्हणतील, हज्जा फिद्दाच्या घरात पाहुण्याला चुलीपाशी बसवतात! अगं, तुझ्या लग्नाची मागणी याच खोलीत झाली गं!"

"तेव्हाही मला आत येऊ दिलं नव्हतं, आत्याबाई."

ती त्या बाथरूमकडे वळली. खुर्ची दारातून अशी गेली की दोन्ही बाजूंना हात पसरायला जागा. तिनं दार लोटून घेतलं. आत गुलाबपाण्याचा वास, कागदात गुंडाळलेला साबण, ज्याचा कागद वर्षानुवर्षं कुणी फाडला नव्हता. तिनं चाकं अडवली, बेसिनची कड धरली, वजन हातांवर घेतलं. एक गुडघा दुमडला. ती बेसिनवर आपटली, बरगडी ठणकली, तोंडातून शिवी गेली. पुन्हा. या वेळी बसली. फार वेळ लागला. मध्ये दोनदा वाटलं, हाक मारावी. मारली नाही.

परत खुर्चीत आली तेव्हा घामानं मदरगा पाठीला चिकटला होता. बसून राहिली. आनंद होईल असं तिला वाटलं होतं. झाला नाही. एवढंसं दार, एवढीशी जागा, हाताच्या अंतरावर होती. कुलूप लावून ठेवली होती. कुणासाठी? जे आले नाहीत त्यांच्यासाठी.

खुंटीवर रुमाल टांगलेले होते. पांढरे, किनारीला तांबड्या दोऱ्याचं सरूच्या झाडांचं भरतकाम. तिनं किनार बोटांनी चाचपली. तिचेच टाके. लग्नाआधी बापाच्या घरी, खिडकीशी बसून घातलेले. आंदणात आणलेले ते रुमाल गेले कुठं म्हणून तिनं पहिल्या वर्षी विचारलं होतं, आणि सासूनं सांगितलं होतं, जपून ठेवलेत. इतके जपले की तिच्या हाताला एकदाही लागले नाहीत.

तिनं एक ओढून काढला. नळाखाली धरला. खाली वाकली, आणि अंगणातली माती, रस्त्यावरची माती, कोंबड्यांची घाण, चाकाला जे जे चिकटलं होतं ते त्या रुमालानं पुसू लागली. दांडीपासून रबरापर्यंत, दाबून, घासून. सरूची झाडं एकेक करून मळत गेली. मग तिनं पायानं नव्हे, खुर्चीनंच दार ढकलून उघडलं.

समोर हज्जा फिद्दा. तिची नजर रुमालावर गेली आणि तिनं कपाळावर हात मारून घेतला.

"अगं बाई! अगं, तो रुमाल पाहुण्यांचा!"

रस्मियानं मळका रुमाल तिच्या हातात ठेवला.

"दुसरा द्या, आत्याबाई. एक चाक अजून राहिलंय."